नळी घेण्याआधी: त्वचा समजून घ्या, मग तिची निगा राखा

दुकान उघडून अर्धा तासही झाला नव्हता. कॉलेजातली एक मुलगी आली, दुपट्ट्याने चेहरा झाकलेला, आणि तिने काउंटरवर क्रीमची एक नळी ठेवली. शेवटचा थेंब निघावा म्हणून खालून वरपर्यंत गुंडाळत आणलेली, पार चेपलेली. "हीच द्या न, ताई." मी दुपट्टा जरा बाजूला करायला सांगितला. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत झालेली, आतल्या बारीक लाल शिरा दिसत होत्या, आणि कानशिलापाशी लव दाट झाली होती. वर्षभर ती ही नळी रोज रात्री लावत होती. गोरं होण्यासाठी मैत्रिणीने सुचवली होती.

अकोल्यात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मला सतरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. त्वचेची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, "काय लावू?" काय लावायचं थांबवू, असं कुणी विचारत नाही. मला मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. पुढे जे लिहिते आहे ते आजवर त्वचेकडे कधी लक्षच न दिलेल्यांसाठी आहे, आणि फार लक्ष देऊन तिला दमवलेल्यांसाठीही.

आधी तिची बांधणी पाहा

मोठ्या माणसाची त्वचा अंथरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. सगळ्यांत खाली चरबीचा थर. मधे अंतस्त्वचा, तिच्यात रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी. वर बाह्यत्वचा. हिच्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच वरवर खरचटलं तर चुरचुरतं पण रक्त येत नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्मतात. त्या वर सरकत जातात, चपट्या होतात, मरतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी झडून जातात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक क्रीमांचा गुण आठ दिवसांत का दिसत नाही याचं उत्तर त्यात आहे.

सगळ्यांत वरचा, मेलेल्या पेशींचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. आपण ज्याला त्वचेचं आरोग्य म्हणतो ते बहुतेक याच थरावर अवलंबून असतं. विटांची भिंत डोळ्यासमोर आणा. पेशी या विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे त्वचेतली स्निग्ध द्रव्यं: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं. भिंत धड असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि धूळ, जंतू, साबण बाहेर. चुना निघाला की पाणी उडून जातं, त्वचा ओढल्यासारखी होते, खाज सुटते, आणि काल चालणारी साधी क्रीमही आज झोंबते. "मला काहीच सहन होत नाही" असं सांगणाऱ्यांची त्वचा पुष्कळदा जन्मतः नाजूक नसते. तिची भिंत घासून घासून गेलेली असते.

ही भिंत जराशी आंबट असते. तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) पाचच्या आसपास. आंघोळीच्या साध्या साबणवडीचा पीएच नऊ ते दहा. चेहरा धुतल्यावर जी ओढ बसते तिला आपण स्वच्छता समजतो. प्रत्यक्षात मळाबरोबर चुनाही निघालेला असतो.

आणखी एक गोष्ट स्वतःच्या अंगावर पाहता येईल. नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवा, मग टाचेवरून. नाकावर तेलाच्या ग्रंथींची दाटी आहे. तळहात आणि तळपायांवर त्या मुळीच नाहीत. टाचांना भेगा पडतात आणि नाकाला कधी पडत नाहीत, त्याचं हे एक कारण. एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन तऱ्हेची त्वचा असते, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत एकच वस्तू चोळण्यात अर्थ नाही.

रंगाबद्दलही इथेच सांगते. त्वचेला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-सावळ्या सगळ्यांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात आणि ते कसं पसरतं यात. पेशीच्या केंद्रकावर मेलॅनिन छत्रीसारखं बसतं आणि उन्हापासून त्याला जपतं. ज्या रंगाला घालवायला लोक माझ्याकडे येतात तो म्हणजे ही छत्री आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे बंद

नवीन काही विकत घेण्याआधी दोन आठवडे पुढच्या गोष्टी चेहऱ्यावरून काढून टाका: लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, दाणेदार स्क्रब, आणि डॉक्टरांनी न सांगितलेली प्रत्येक नळी. (नळी महिनोन्‌महिने लावत असाल तर आधी खालचा नळीचा भाग वाचा.)

लिंबाबद्दल विशेष सांगते, कारण ते घरातलं म्हणून निरुपद्रवी वाटतं. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे त्वचेपेक्षा कितीतरी आंबट. शिवाय त्याच्या रसातली आणि सालीतली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजून काढतात. लिंबं पिळून तसेच उन्हात गेलेल्यांच्या हातांवर ओघळाच्या आकाराचे काळे डाग मी पाहिले आहेत. ते जायला महिने लागतात.

उटण्यावर माझा राग नाही. दिवाळीच्या पहाटे तेल लावून, हलक्या हाताने, वर्षातून चार-पाच दिवस लावा. पण तेच बेसन रोज कोरड्या गालांवर खसाखसा घासलं तर तेही स्क्रबच.

दुसरी पायरी: आंघोळ

आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून माणूस साबण दुप्पट घासतो, आणि साबणाचा थर अंगावर राहून जातो. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर साबणाऐवजी पीएच साडेपाचच्या जवळ असलेली, 'सिंडेट' (म्हणजे साबण नसलेली) असं लिहिलेली वडी किंवा सौम्य द्रव वापरा. महाग पडते, पण पुढचं सांगणं पाळलंत तर पुरते.

पाणी कोमट. वेळ पाच-दहा मिनिटं. साबण फक्त काखा, जांघा, पावलं आणि जिथे खरोखर मळ लागला आहे तिथे. हात, पाय, पाठ, पोट यांना रोज नुसतं पाणी पुरतं. घामाला पाणी पुरतं, हे लोकांना पटत नाही. आठ दिवस करून पाहा. वज्री फक्त टाचेला, तीही ओल्या आणि हलक्या हाताने. चेहरा दिवसातून दोनदा, बोटांनीच. पंच्याने खसखसून पुसू नका, टिपून घ्या.

पावसाळ्यात उलट काळजी. बोटांच्या बेचक्या, जांघा, छातीखालची घडी, काखा कोरड्या होईपर्यंत कपडे चढवू नका. ओल्या बुटात दिवसभर राहिलेल्या पायाला चिखल्या होतात त्या या बेचक्यांतूनच. कंबरेचा करदोडा आणि ओला परकर यांच्याखाली नायटा धरतो. शक्य असेल तर दोन जोड चपला ठेवा आणि एक दिवसाआड वापरा.

तिसरी पायरी: ओलावा

आंघोळ झाल्यावर त्वचा किंचित ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. पूर्ण वाळल्यावर लावलेली क्रीम निम्मं काम करते असं मी गिऱ्हाइकांना सांगते. आकडा मोजलेला नाही, पण ज्यांनी वेळ बदलली त्यांनी परत येऊन फरक सांगितला आहे.

डबीवर तीन तऱ्हेची द्रव्यं शोधा. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. सिरॅमाइड आणि स्निग्ध द्रव्यं विटांमधल्या फटी बुजवतात. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. आपलं खोबरेल तेलही मुख्यतः झाकणाचंच काम करतं: ते पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. म्हणून कोरड्या पायावर तेल चोळून "तरी कोरडंच" म्हणणाऱ्यांनी ते ओल्या पायावर चोळून पाहावं. चेहऱ्यावर मुरुम येत असतील तर मात्र खोबरेल चेहऱ्यापासून आणि कपाळावरच्या केसांपासून लांब ठेवा. कपाळावर ओळीने पुटकुळ्या असलेल्या मुलांना मी आधी केसांच्या तेलाचं विचारते.

टाचांसाठी: रात्री दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात, टिपून कोरडे, वर युरियाची क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली, त्यावर सुती मोजे. दोन आठवडे सलग. मधुमेह असेल तर टाचेला ब्लेड लावू नका, आणि पाणी फार गरम नाही ना ते कोपराने तपासा, कारण पावलाला चटका कळतोच असं नाही.

किती लावायचं? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. हे माप औषधांच्या क्रीमचं आहे. साधं मॉइश्चरायझर त्याहून सढळ हाताने चालेल.

उन्हाळ्यात घामोळ्यांवर मात्र क्रीमही नको आणि पावडरीचे थरही नकोत. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजल्यामुळे घामोळं येतं; वरून आणखी काही थापलं तर ती आणखी बुजतात. गार पाणी, सैल सुती कपडे, पंखा. बास.

चौथी पायरी: ऊन

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि स्कूटीवरच्या मुली दुपट्ट्याने डोळ्यांपर्यंत चेहरा बांधतात. बाहेरगावचे लोक हसतात. मला ती पद्धत फार आवडते: दाट विणीचं कापड हे उन्हावरचं स्वस्त आणि खात्रीचं संरक्षण आहे. लांब बाह्या, छत्री, दुपारी अकरा ते चार सावली, हे आधी. सनस्क्रीन त्यानंतर.

सनस्क्रीन घेताना दोन गोष्टी वाचा. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, यूव्हीबी आणि यूव्हीए. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, त्यामुळे ५० किंवा १०० च्या मागे धावून फार हाती लागत नाही. 'पीए' पुढची अधिकची चिन्हं यूव्हीएची. तीन किंवा चार असावीत. यूव्हीए काचेतूनही येतं, म्हणून रोज बसच्या खिडकीशी बसणाऱ्यांनाही ते लागतं.

हे आकडे प्रयोगशाळेत एका चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन काढलेले असतात. आपण टिकलीएवढं लावतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ज्यांच्या गालांवर वांग आहे त्यांना नुसत्या यूव्हीचंच नाही, दिसणाऱ्या उजेडाचंही भान ठेवावं लागतं. त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्यावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नका, सावलीत ठेवा.

पाचवी पायरी: नवं आणताना एकेक

सौम्य धुणं, ओलावा आणि ऊन ही तीन कामं महिनाभर नीट झाली की मगच चौथी वस्तू आणा. आणि एका वेळी एकच. चार नव्या बाटल्या एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर गुन्हेगार कोण ते मलाही सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांपासून सुरू करता येतं. ते टॉवेल आणि उशीचा रंग उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल वापरा. अ‍ॅडापॅलीनसारखी रेटिनॉइड्स (अ जीवनसत्त्वाच्या जातीची औषधं) डॉक्टरांना विचारून, रात्री, एक दिवसाआड, वाटाण्याएवढी. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड अजिबात नको. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे धरा.

नळीबद्दल

आता त्या मुलीच्या नळीकडे येते. तिच्यात तीन औषधं होती: रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड, आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, म्हणजे लाली आणि सूज दाबणारं औषध. वांगासाठी डॉक्टर असं मिश्रण मोजक्या आठवड्यांसाठी देतात. पण स्टेरॉइडमुळे पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसतो, आणि माणूस तिथेच अडकतो. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, लव वाढते. सोडायला जावं तर चेहरा लालबुंद होऊन आग मारते, म्हणून पुन्हा तीच नळी. हे व्यसनासारखंच चक्र आहे. महिनोन्‌महिने लावत असाल तर स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. उतरवत नेण्याचा रस्ता ते आखून देतात.

दुसरा घोटाळा नायट्याचा. गोल, कडेला उठलेला, मधे साफ झालेला खाजरा चट्टा. त्यावर लोक "सगळ्याला चालणारी" मिश्र नळी मागतात. त्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनही असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, कारण शरीराचा प्रतिकार गप्प बसलेला असतो. बुरशी मात्र खाली पसरत राहते. चट्ट्याचा गोल आकारही मोडतो, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. गेली काही वर्षं देशभर नायटा हट्टी झाला आहे आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा झाला आहे. त्यामागे या नळ्यांचाही हात आहे. घरात एकाला असेल तर सगळ्यांची तपासणी करा, टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात वाळवा, आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करा.

नळी ओळखायची कशी? घटकांच्या नावाचा शेवट पाहा: '-सोन', '-सोलोन', '-टासोल', '-नोलोन' असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड असण्याचा दाट संभव. खोक्यावर लाल पट्टी किंवा 'शेड्यूल एच' दिसलं तर ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. लावायच्या स्टेरॉइडांपैकी अनेक औषधं केंद्र सरकारने २०१८ मध्ये या नियमाखाली आणली. तरीही चिठ्ठीशिवाय ती मिळतात, हे मला माझ्या धंद्याबद्दल लिहायला जड जातं, पण ते खरं आहे. दुकानदाराने दिलं म्हणजे चालतं, असं समजू नका. माझ्याकडून घेतलं तरी चिठ्ठी मागणं तुमच्या हिताचं आहे.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. इसब असलेल्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड आई-वडील घाबरून लावत नाहीत, आणि पोर रात्रभर खाजवत राहतं. योग्य ताकदीचं, योग्य जागी, योग्य दिवस लावलेलं स्टेरॉइड उत्तम औषध आहे. ते लावा.

मळ नसलेला काळेपणा, कोड नसलेला पांढरेपणा

एक आई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाची मान मागून खरचटलेली. मान काळी दिसते, मळ निघत नाही म्हणून ती रोज दगडाने घासत होती. मी बोट फिरवलं, तर ती जागा मखमलीसारखी जाड लागली, घड्या ठळक. तो मळ नव्हता. मान आणि काखेतला असा मखमली काळेपणा पुष्कळदा शरीराचं इन्सुलिनशी बिनसल्याचं लक्षण असतो. अशा मानेला दगड नव्हे, मुलाला साखरेची तपासणी आणि वजनाकडे लक्ष हवं. मुलगा सगळा वेळ खाली बघत उभा होता. घरात कुणाची मान अशी असेल तर आधी त्याला "नीट आंघोळ कर" म्हणणं थांबवा.

कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग उमटला तर टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा संशय घ्या. टिकली लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. खोट्या दागिन्यांखाली, घड्याळाच्या मागे किंवा पँटच्या बटणापाशी खाज असेल तर बहुधा निकेल या धातूची अ‍ॅलर्जी. बिबा उतलेला आणि काजूच्या टरफलाचं तेल लागलेला हात एकाच जातीच्या द्रव्यांनी पोळतो, कारण ही दोन्ही झाडं एकाच कुळातली; त्यावर घरगुती लेप न लावता आधी भरपूर पाण्याने धुवा.

केव्हा थांबायचं नाही

फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर टाचणी किंवा गरम-गार कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं तिथे फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. पांढरं कोड मात्र वेगळं: ते कुष्ठरोग नाही आणि संसर्गाने पसरत नाही.

रात्री खाज वाढते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच सुटली, तर खरूज समजा आणि सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार करा, खाज नसलेल्यांवरही. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग आला आणि तो वाढतो आहे, तर दाखवा; सावळ्या त्वचेचा मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग) अशाच जागी जास्त दिसतो. नवं औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, असं काही झालं तर उद्याची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाताना चेहरा धुऊन, मेकअप न करता जा. पुरळ येत-जात असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि गेल्या सहा महिन्यांत त्वचेला जे जे लावलं ते सगळं एका पिशवीत भरून न्या: साबणाचं वेष्टन, तेलाची बाटली, मैत्रिणीने दिलेली डबी, आणि ती चेपलेली, रिकामी नळीसुद्धा.